वर्गाच्या भिंतीवरचे तयार तक्ते: कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत, टांगण्याआधी काय बदलावं

मे महिन्याच्या शेवटी जळगावच्या फुले मार्केटात, धुळ्याच्या आग्रा रोडवर, नंदुरबार-शहाद्याच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानांपुढे गुंडाळलेल्या तक्त्यांचे गठ्ठे उभे राहतात. १५ जूनला शाळा उघडायची असते. झेडपीच्या शाळा, अंगणवाड्या, गल्लीतल्या नर्सऱ्या, सगळ्यांची खरेदी त्या दोन-तीन आठवड्यांत उरकते. दुकानदार सहा तक्त्यांची गुंडाळी रबर लावून हातात देतो: वर्णमाला, माझं शरीर, माझं कुटुंब, आपले मदतनीस, आपले सण आणि विरुद्धार्थी शब्द. छापणारे वेगवेगळे असले तरी चित्रं जवळपास तीच असतात, म्हणून इथे कुठल्या एका छापखान्याचं नाव न घेता या सहा तक्त्यांच्या संचाबद्दलच लिहितो आहोत.

निकाल आधीच सांगतो. वर्णमाला आणि मदतनीस हे तक्ते घ्यावेत, पण दुरुस्ती करूनच भिंतीवर लावावेत. सणांचा घेतला तरी चालेल. कुटुंब, शरीर आणि विरुद्धार्थी हे तिन्ही घेऊ नयेत. ते वर्गातच करता येतात आणि जास्त चांगले होतात. पहिलीतलं मूल वर्षभर रोज पाच-सहा तास या भिंतींकडे बघत असतं. त्यात आपल्यासारखं घर, आपल्यासारखा रंग, आपल्या आईचं काम कुठेच दिसलं नाही, तर ही जागा आपली नाही हे त्याला कुणी न सांगताही कळतं. म्हणून तक्ता निवडणं ही सजावटीची बाब समजू नये.

आधी कागद आणि छपाई. बाजारातला नेहमीचा आकार २० × ३० इंच. वर-खाली प्लॅस्टिकची दांडी आणि अंगावर चकचकीत लॅमिनेशन असतं. ही चकाकीच पहिली खोट आहे. खिडकीसमोरच्या भिंतीवर तक्ता लावला की त्यावर उजेडाचा पांढरा पट्टा पडतो आणि कमी दृष्टी असलेल्या मुलाला अर्धी अक्षरं दिसतच नाहीत. मॅट लॅमिनेशनचा तक्ता मागा. मिळाला नाही, तर खिडकीशी काटकोनात येणारी भिंत निवडा. खिडक्या ज्या भिंतीत आहेत तिथेही लावू नका, कारण पाठीमागून येणाऱ्या उजेडाने तक्ता काळपट दिसतो. उंचीची चूक तर जवळजवळ सगळीकडे होते. तक्ते मोठ्या माणसाच्या नजरेला जुळतील असे लावले जातात. सहा वर्षांच्या मुलाची नजर उभं असताना जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास असते आणि बस्करावर बसल्यावर दोन फुटांच्या आसपास. तक्त्याची खालची कड दोन फुटांवर ठेवा. हात लागून खराब होईल ही भीती असते, पण ज्याला हात लागत नाही तो तक्ता मुलं वाचतही नाहीत.

आता वर्णमाला. या तक्त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण तो सर्वांत जास्त वापरला जातो. मराठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तक्त्यांत ळ नसतोच. ल आणि श हिंदी वळणाचे असले की तो तक्ता हिंदीवरून उचललेला आहे हे ओळखावं. ॲ आणि ऑ आहेत का तेही बघा. बॅट, बॅग, ऑटो हे शब्द पहिल्या दिवसापासून मुलांच्या तोंडात असतात.

मग शब्द. ई ईडलिंबाची, ऐ ऐरणीचा, उ उखळाचा. आज पहिलीत बसणाऱ्या बहुतेक मुलांनी यातली एकही वस्तू पाहिलेली नसते. चित्र पाहून मूल शब्द ओळखेल आणि शब्दावरून अक्षर ओळखेल, एवढ्यासाठीच तर चित्र असतं. वस्तूच अनोळखी असेल तर चित्र आणि अक्षर दोन्ही पाठ करावी लागतात. त्यापुढची अडचण शेवटच्या ओळीत आहे. क्ष क्षत्रियाचा, आणि शेजारी तलवार उपसलेला माणूस. चातुर्वर्ण्यातल्या वर्णाचं नाव पहिलीच्या भिंतीवर वर्षभर झळकत ठेवायचं काहीच कारण नाही. क्ष साठी रिक्षा आहे, पक्षी आहे, शिक्षक आहे. ज्ञ यज्ञाचा, याऐवजी विज्ञानाचा घ्या आणि चित्र भिंगाचं लावा. ग गणपतीचा असायला काहीच हरकत नाही. मात्र पूर्ण तक्ता एकदा नजरेखालून घाला आणि मोजा: देवघरातल्या, पूजेतल्या वस्तू किती आल्या? तीन-चार निघाल्या तर एखादी ठेवून बाकीच्या बदला. भुसावळच्या, धुळ्याच्या वर्गात मुस्लिम घरची मुलं असतात, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा, भिल्ल, तडवी घरची. त्यांच्या घरातलं काय आलं, हाही हिशोब त्याच वेळी करावा.

खान्देशात वर्णमालेच्या तक्त्याची खरी परीक्षा ण आणि ळ या दोन घरांत होते. ण बाणाचा, ळ बाळाचा. अहिराणी बोलणाऱ्या घरातलं मूल बाणाला बान म्हणतं आणि बाळाला बाय. डोळा म्हणजे डोया. लेवा बोलीतही ळ चा य होतो. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितेत ओढाळचं वढाय होतं आणि तीच कविता पुढच्या इयत्तांत मुलं आदराने पाठ करतात. पहिलीत मात्र त्याच उच्चाराला "चूक, नीट म्हण" असं ऐकावं लागतं. दोन-तीनदा असं झालं की मूल बोलायचंच थांबतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार अवघड जातं.

यावर उपाय सोपा आहे. तक्त्याच्या खाली तीन इंच रुंदीची, लॅमिनेशन केलेली कागदाची पट्टी जोडा. चित्राच्या बरोबर खाली घरचा शब्द देवनागरीत लिहा: वर बाळ, खाली बाय. वर डोळा, खाली डोया. शिकवताना वाक्य एवढंच असावं: "घरी आपण बाय म्हणतो, पुस्तकात बाळ लिहितात. दोन्ही म्हणून बघू." मग मुलांनाच विचारा, कुठला आवाज बदलला? ळ हा वेगळा आवाज आहे हे मुलाला तिथे कानाने कळतं. पाठांतरातून ते कळत नाही. पावरी, मावची, भिलोरी, गुजरी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांसाठी शब्द स्वतःच्या अंदाजाने लिहू नका. मुलाच्या आईला किंवा आजीला विचारा आणि दुसऱ्या एखाद्या घरातून पडताळून घ्या, कारण धडगावकडे आणि शहाद्याकडे एकाच वस्तूला दोन शब्द निघू शकतात. दोन्ही निघाले तर दोन्ही लिहा. पट्टी पर्मनंट मार्करने लिहावी. व्हाइटबोर्ड मार्कर हात लागताच पुसला जातो. पर्मनंट मार्करचं लिखाण लॅमिनेशनवरून सॅनिटायझर लावलेल्या कापसाने निघतं, त्यामुळे चूक झाली तरी तक्ता वाया जात नाही. अधिकारी भेटीला आले आणि "हे काय लिहिलंय" असं विचारलं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा. शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी, असं त्यात म्हटलेलं आहे.

मदतनिसांचा तक्ता कल्पना म्हणून चांगला आहे, चित्रांत फसतो. डॉक्टर पुरुष, नर्स बाई. पोलीस, पोस्टमन, ड्रायव्हर सगळे पुरुष. शिक्षिका तेवढी साडीत. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले, डॉक्टर म्हणून बाई दाखवली. भिंतीवरचे तक्ते मात्र अजून जुन्याच ठशावर छापले जात आहेत, म्हणजे मुलाच्या हातातलं पुस्तक एक सांगतं आणि भिंत दुसरं. खान्देशातल्या मुलाला रोज दिसणारी माणसं या तक्त्यात नसतात: आशाताई, अंगणवाडीताई, एसटीच्या बाई कंडक्टर, केळीचे घड डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणारे मजूर, जिनिंगमधल्या कामगार बाया. भुसावळ तर रेल्वेचं गाव. महाराष्ट्राच्याच सुरेखा यादव १९८८ साली देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. इंजिनाच्या खिडकीत बाई दाखवली तर त्यात कल्पनेचा भाग काहीच नाही.

याच तक्त्यात आणखी एक बारीक गोष्ट लपलेली असते. चित्राखालची नावं वाचा: न्हावी, कुंभार, लोहार, चांभार. आपल्याकडे ही कामांची नावं तशीच जातींचीही नावं आहेत, आणि त्यातली काही शिवीसारखी वापरली जातात. वर्गात त्या घरचं मूल बसलेलं असतं. तक्ता वाचून झाल्यावर मधल्या सुट्टीत त्याला काय ऐकावं लागतं, ते शिक्षकाच्या कानावर सहसा येत नाही. नावाऐवजी काम लिहा: केस कापणारे काका, मडकी घडवणारे कारागीर, चपला-बूट शिवणारे कारागीर. सफाई कामगाराच्या हातात नुसता झाडू असतो. तिथे हातमोजे आणि बूट घातलेलं चित्र लावा. काम करणाऱ्याला ही साधनं मिळायला हवीत, हेही मुलांशी बोलायचं निमित्त मिळतं.

कुटुंबाचा तक्ता का घेऊ नये? बाबा खुर्चीत पेपर वाचताहेत, आई ओट्याशी, मुलगा चेंडू घेऊन, मुलगी बाहुली घेऊन. आजी-आजोबा हसरे, घर लाल कौलांचं, वर धुराडं. गावातलं धाब्याचं घर नाही, सातपुड्यातलं कुडाचं घर नाही, शहरातली दोन खोल्यांची चाळ नाही. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. मागे राहिलेलं मूल आजीकडे असतं किंवा हंगामी वसतिगृहात. त्याला या चित्रासमोर उभं करून "तुझ्या घरी कोण कोण आहे?" विचारणं म्हणजे सगळ्यांपुढे त्याची उणीव मोजणं. त्याऐवजी २२ × २८ इंचांची कोरी ड्रॉइंग शीट घ्या, पत्त्याच्या आकाराचे कार्ड कापा आणि प्रत्येक मुलाला तीन-चार द्या. सांगायचं एवढंच: "तुझी काळजी घेणारी माणसं काढ." आजी, मावशी, मोठी बहीण, वसतिगृहातल्या ताई, एखाद्या पोराने शेळी काढली तरी चालेल. कार्डं शीटवर लावली की वर्गाचा स्वतःचा कुटुंबतक्ता तयार. वर्षाच्या मध्ये दाखल झालेल्या मुलासाठी कोपऱ्यात आठ-दहा कार्डांची जागा रिकामी ठेवा. होळीनंतर परतणाऱ्या मुलांना ती लागते.

विरुद्धार्थी शब्दांच्या तक्त्याबद्दल फार लिहायला नको. गोरा-काळा, सुंदर-कुरूप, श्रीमंत-गरीब या जोड्या चित्रांसकट दिसल्या की तो खाली ठेवावा. रिकामं-भरलेलं, वर-खाली, ओलं-कोरडं या जोड्या वर्गातल्या बादलीवर आणि फडक्यावर दाखवता येतात.

शरीराच्या तक्त्यावर बहुधा गुलाबी कातडीचा, भुऱ्या केसांचा मुलगा असतो. खाकी कागदाचा चार फूट तुकडा जमिनीवर अंथरा, स्वतःहून तयार होईल त्या मुलाला किंवा मुलीला त्यावर झोपवा आणि कडेने रेघ ओढा. बाह्यरेषेत अवयवांची नावं मराठीत आणि घरच्या बोलीत लिहा. अपंग मुलाला यासाठी तुम्ही निवडू नका. त्याने स्वतः हात वर केला तर मात्र इतरांसारखंच घ्या.

सणांच्या तक्त्यात दिवाळी, होळी, ईद, नाताळ असतात, ते ठीक आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) नसते, कानबाई नसते, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार नसतो, बंजारा तांड्यावरची तीज नसते, बुद्ध पौर्णिमा आणि १४ एप्रिल नसतात. रिकामी पट्टी लावून ठेवा आणि सण आला की मुलांनीच काढलेलं चित्र तिथे चिकटवा. जूनमध्येच सगळं भरून टाकलं की मुलं त्याकडे बघत नाहीत.

अपंग व्यक्ती या सहा तक्त्यांत बहुतेक दिसत नाही. दिसलीच तर चाकाच्या खुर्चीत, आणि मागून कुणीतरी ढकलतंय. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत आणि त्यातली बरीचशी पाहून कळत नाहीत. चित्र लावायचंच असेल तर काम करणाऱ्या माणसाचं लावा: श्रवणयंत्र लावलेल्या शिक्षिका, कुबडी शेजारी ठेवून शिलाई मशीनवर बसलेले काका. वर्गात अंध मूल असेल तर एक गैरसमज टाळा. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केलेलं उंच अक्षर डोळस मुलांना गिरवायला छान आहे, पण अंध मुलाला वाचायला ब्रेलच लागते. सुरुवातीला अंड्यांच्या ट्रेचा दोन रुंद, तीन लांब असा सहा खड्ड्यांचा तुकडा कापा आणि खड्ड्यांत लिंबं ठेवा. ब्रेलच्या सहा ठिपक्यांची जागा मुलाला हाताने कळते. डोळस मुलांनाही हा खेळ शिकवा, म्हणजे शेजारी बसणाऱ्याला त्याची लिपी काहीतरी अजब वाटत नाही. ब्रेल पाटी आणि गणितासाठीची टेलर फ्रेम स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेच्या विशेष शिक्षकांकडे मागणी नोंदवा, आणि जूनमध्येच नोंदवा. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून वाचतात. हे शिक्षकाला माहीत नसलं की मूल बरोबर लिहीत असतानाही अडवलं जातं.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी भिंतीवरचा तक्ता पुरत नाही. वीस इंच रुंदीत पन्नासएक घरं बसवल्यावर अक्षर इंचभरच उरतं. प्रत्येक अक्षराचा वेगळा ए-४ कागद करा. अक्षराची उंची चार इंच, रेघ बोटाएवढी जाड, पिवळ्यावर काळं. ही गड्डी मुलाच्या हातात राहील. लाल-हिरव्याचा फरक न कळणारी मुलंही वर्गात असू शकतात, म्हणून "लाल अक्षरं वाचा, हिरवी सोडा" असे तक्ते घेऊ नका.

दुरुस्ती करताना जे बिघडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. फेविकॉल लॅमिनेशनवर धरत नाही. वाळला की पापुद्र्यासारखा निघून येतो. नवं चित्र स्टिकर पेपरवर छापा किंवा साध्या कागदावर काढून चारही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप लावा. त्याआधी तक्ता कोरड्या फडक्याने पुसून घ्या, हाताचा तेलकटपणा राहिला तरी कड उचलते. फोमची दुहेरी टेप वापरू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या वर्गात ती वितळून चित्र खाली घसरतं आणि तक्त्यावर चिकट डाग कायमचा राहतो. दांडीशी तक्ता फाटतो तो वाऱ्याने. खालच्या दांडीला दोन्ही टोकांना दोरी बांधून ती खिळ्याला अडकवली की फडफड थांबते.

त्याच दुकानात रंगखडू घेणारच असाल तर एक गोष्ट. पेटीतल्या फिकट पीच रंगाला दुकानदार आणि मोठी माणसं सर्रास स्किन कलर म्हणतात. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने असल्याच रंगाचं फ्लेश हे नाव १९६२ साली बदलून पीच केलं. आपल्याकडे वर्गात स्किन कलर हे नाव बोलण्यातून गेलेलं नाही. बारा रंगांच्या पेटीत तपकिरी एकच असतो, म्हणून एका गटामागे दोन जास्तीचे तपकिरी खडू सुटे घ्या. तपकिरी हलक्या हाताने फिरवून त्यावर पिवळा घासला की गव्हाळ, नारिंगी घासला की सावळा, आणि दाबून दोनदा तपकिरी फिरवला की गडद रंग येतो. मुलांनी खडू स्वतःच्या मनगटाशी धरून जुळवावा.

कात्र्या घेताना डावखुऱ्या मुलांसाठी दोन वेगळ्या मागा. दोन्ही भोकं सारखी असलेली कात्री "दोन्ही हातांना चालते" म्हणून दिली जाते, ते खरं नाही. टोक समोर धरून बघा: वरचं पातं डावीकडे असेल तरच ती डाव्या हाताची. नेहमीच्या कात्रीने डावखुऱ्या मुलाला कापायची रेघ दिसत नाही, कागद दुमडतो आणि हात वेडावाकडा चालतो म्हणून बोलणी खावी लागतात.

खरेदी संयुक्त शाळा अनुदानातून होणार असेल तर यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आधी मांडा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तक्ता टेबलावर उलगडून "यात आपलं काय आहे?" एवढंच विचारलं तर बदलायची निम्मी यादी तिथेच तयार होते. दुकानदार उलगडून वापरलेला तक्ता परत घेत नाही, म्हणून पैसे देण्याआधी बघून घ्या. सहाही उलगडायला वेळ नसेल तर फक्त वर्णमालेचा खालचा उजवा कोपरा उघडा. ळ, क्ष आणि ज्ञ तिथेच असतात. तिथे रिक्षा दिसली तर बाकीचे पाच बघायला थांबा, तलवार दिसली तर शेजारच्या दुकानात जा.